आमच्याकडचे तिखट पन्हे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत असताना एकदा टिळक पुण्यतिथीला चार वाक्ये पाठ करून उभी राहिले होते, त्यातली दोनच आठवली आणि खाली बसले. त्यानंतर आज उभी आहे. अध्यक्षताईंनी विषय दिला, "उन्हाळ्यात घरच्या घरी करण्यासारखे एखादे तिखट-आंबट फळांचे पेय." त्यांनी विषय दिला तेव्हा त्या जरा हसल्या, आणि मीही समजून चुकले. २०२५ च्या आखाजीला आपल्या मंडळाने बसथांब्यापाशी पन्ह्याचे टेबल मांडले होते ते तुम्हा सर्वांच्या लक्षात आहे. ते पन्हे मीच केले होते. तेव्हा मला आज कृतीही सांगावयाची आहे आणि थोडा हिशेबही द्यावयाचा आहे. तो एक वर्ष राहून गेला आहे.

आधी कृती सांगते. हिशेबाला धीर लागतो, तोवर तो येईल.

माझी मुलगी नाशिकला शिकायला असते. सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "आई, मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही हॉटेलात गेलो होतो, तिथे मी स्पायसी मॉकटेल प्यायले." मी विचारले, म्हणजे काय ग बाई? दारू तर नव्हे? ती म्हणाली, कॉकटेल म्हणजे दारूचे मिश्रण, आणि मॉकटेल म्हणजे दिसायला तसेच पण बिनदारूचे. त्यात कच्च्या आंब्याचा रस, पुदिना, हिरवी मिरची, काळे मीठ, वर सोडा, आणि पेल्याच्या काठाला तिखटमीठ लावलेले. पेल्याचे १८० रुपये. मी म्हटले, अग, हे तर तुझ्या आजीचे पन्हे! तिला ते पटेना. मग मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिला तेच करून दिले, काठाला तिखटमीठ लावूनसुद्धा. प्यायली आणि म्हणाली, "हॉटेलातल्यापेक्षा चांगले आहे, पण पेला स्टीलचा आहे." आजकालच्या मुलींना पेल्यातून आरपार दिसायला पाहिजे.

आता पन्हे म्हणजे काही आपणच शोधून काढले असे नाही. पुण्याकडच्या बायका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ देतात, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्यांच्या पन्ह्यात वेलची आणि केशर. उत्तरेकडचे लोक त्याला आम पन्ना म्हणतात, त्यात जिरे आणि काळे मीठ. बंगाली लोक कैरी निखाऱ्यात भाजून करतात. दक्षिणेत रामनवमीला पानकम् करतात, त्यात कैरी नसते. गूळ, पाणी, सुंठ, वेलची आणि मिरी असते. पन्हे हा शब्द त्या जुन्या पानक शब्दापासूनच आला आहे. तेव्हा गोड पाण्यात तिखट घालावयाची रीत पुष्कळ जुनी. मात्र जुन्या काळी ते तिखट म्हणजे मिरी आणि सुंठ. मिरची आपल्या देशातली नव्हेच. ती अमेरिकेकडची, आणि पोर्तुगीज लोकांनी सोळाव्या शतकात इकडे आणली. मेक्सिको देशात आजही आंब्याच्या फोडींना मिरचीपूड, मीठ आणि लिंबू लावून खातात असे मुलीने मला तिच्या मोबाइलवर दाखविले. मी म्हटले, म्हणजे शाळेपुढे बसणाऱ्या आपल्या म्हातारीची कैरी आणि त्यांची कैरी सारखीच झाली की.

पण मिरची परदेशातून आली असली तरी ती नांदायला आमच्या नंदुरबारला आली, असे मी म्हणते. मिरचीचा एवढा मोठा बाजार महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे आहे? आपल्याकडे शेतकरी ओली लाल मिरची बाजारात नेतो, व्यापारी ती घेऊन पथारीवर वाळवतो. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर या पथाऱ्या पाहिल्या म्हणजे जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखे दिसते. लांबचे लोक येऊन तिथे फोटो काढतात. फोटोत ठसका येत नाही हे त्यांचे नशीब. लग्नानंतर चार हंगाम मी तिथे देठ खुडायला गेले आहे, म्हणून सांगते. त्याविषयी पुढे पुन्हा बोलेन.

तर कृती. अर्धा किलो कैरी घ्यावी, म्हणजे मध्यम आकाराच्या चार भरतात. गावठी आंब्याची आंबट कैरी असावी, कलमी कैरी पिठूळ लागते. चूल असेल तर निखाऱ्यात भाजावी, गॅस असेल तर जाळी ठेवून त्यावर. साल काळी पडून सुटू लागली आणि आतला गर दाबला तर मऊ लागला की झाले. उकडून केले तरी चालते, परंतु भाजलेल्याला धुराचा जो वास येतो तो उकडलेल्याला येत नाही, आणि आमच्या घरी उकडलेले पन्हे कोणी दुसऱ्यांदा मागत नाही. थंड झाल्यावर साल काढून गर कोळून घ्यावा. अर्धा किलोतून साधारण पावशेर गर निघतो. जेवढा गर तेवढाच गूळ, वजनाने. म्हणजे पाव किलो. कैरी फार आंबट असली तर मूठभर वाढवा. गूळ किसून गरातच विरघळू द्यावा, आणि मग गाळून घ्यावे. गुळात खडे निघतात, काही वेळा ऊसाचे चिपाडही निघते.

यात चमचाभर भाजून कुटलेले जिरे, अर्धा चमचा काळे मीठ, पाव चमचा साधे मीठ, अंगठ्याच्या पेराएवढे आले वाटून, आणि दहाबारा पुदिन्याची पाने चुरडून घालावीत. हा झाला अर्क. एक भाग अर्काला तीन भाग थंड पाणी घालावे, म्हणजे एकंदर दोन लिटर होते, आणि आपले नेहमीचे दहा पेले भरतात. पाणी माठातले घ्यावे. बर्फ घालावयाचाच असेल तर घरच्या पिण्याच्या पाण्याचा घालावा. बाजारातला लादीचा बर्फ कित्येकदा मासळी आणि माल थंड ठेवण्यासाठी केलेला असतो, तो पिण्यासाठी नसतो. हे आम्हाला ठाऊक असून आम्ही टेबलावर तोच आणला होता, ही हिशेबातली एक लहान चूक.

आता मिरची. दोन हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर भाजाव्यात, त्यांच्या आतल्या पांढऱ्या शिरा काढून टाकाव्यात, आणि उरलेली साल वाटून घ्यावी. लोक म्हणतात तिखटपणा बियांत असतो, पण खरा तिखटपणा त्या पांढऱ्या शिरांत असतो. बी शिरेला चिकटलेले असते म्हणून ते तिखट लागते. आणि हे वाटण पन्ह्यात आधी घालू नये. वाटीत वेगळे ठेवावे, आणि पेला भरल्यावर ज्याला जसे सोसेल तसे चिमूटभर घालावे. लाल मिरचीपूड घालावयाची तर ती फार तर चमच्याच्या टोकावर. आमच्या बाजारात फापडा आणि लाली अशी नावे असलेल्या मिरच्या येतात, घरात जी असेल ती चालेल, मात्र पूड ताजी असावी. जुनी पूड नुसतीच झोंबते, तिला वास नसतो.

पेल्याच्या काठाला तिखटमीठ लावायचे तर कैरीची कोय काठावरून फिरवावी, आणि दोन भाग मीठ व एक भाग मिरचीपूड बशीत पसरून त्यात पेला उपडा टेकवावा. पाहुण्यांना फार नवल वाटते. माझ्या मुलीची मैत्रीण आली होती तिने तर पेला न पिता आधी त्याचेच फोटो काढले.

कैरीबरोबर दुसरी फळेही घालता येतात. टरबुजाच्या लाल गराचा गाळलेला रस दोन वाट्या आणि कैरीचा वरचा अर्क अर्धी वाटी, एवढेच एकत्र केले तरी सुरेख होते, आणि गूळ कमी लागतो. मे महिन्यात सातपुड्यातून करवंदे येतात, त्यांचा रस काढून त्यात आले आणि काळे मीठ घालून पाहा, रंग असा येतो की बाजारच्या बाटलीची आठवण होणार नाही. पुढे जांभळे येतात. कैरी नसेल त्या दिवसांत चिंचेचे करावे. लिंबाचे मी मुद्दाम सांगत नाही. २०२२ च्या एप्रिलात एक लिंबू दहा रुपयांना झाले होते तेव्हापासून माझा लिंबावरचा विश्वास उडाला आहे. उन्हाळ्यात ज्याची गरज तेच महाग व्हायचे.

आणि आमचूर विसरू नका. धडगावकडच्या आदिवासी भगिनी चैत्र-वैशाखात गावठी कैऱ्या सोलतात, चिरतात आणि फोडी खडकावर वाळत घालतात. भर उन्हात, दिवसच्या दिवस. त्या सोलण्याने बोटे काळी पडतात आणि चिकाने फुटतात. दिल्ली-इंदूरच्या मसाल्यात जे आमचूर जाते त्यातले पुष्कळ या बोटांतून गेलेले असते. मूठभर फोडी दोन तास पाण्यात भिजवल्या आणि कोळल्या की दिवाळीतसुद्धा पन्हे होते. आमचूर विकायला एखादी बाई दारावर आली तर भावात घासाघीस करू नये असे मला वाटते. मी पूर्वी करीत असे.

पथ्याचे दोन शब्द सांगते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गूळ चालतो अशा समजुतीवर राहू नये. गुळानेही साखर वाढतेच. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, म्हणून मी त्यांना गूळ न घालता ताकात कैरीचा गर, जिरे आणि किंचित मिरची घालून देते. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ आणि काळे मीठ दोन्ही जपून. आणि उन्हाने कोणी बेशुद्ध पडले, बरळू लागले, अंग तापून कोरडे झाले, तर त्याच्या तोंडात पन्हे ओतू नये. काहीच ओतू नये, श्वासात जाते. सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. पन्हे हे उन्हात जाण्याआधीचे आणि उन्हातून आल्यानंतरचे. जुलाब-उलट्या झाल्या तर पन्हे नव्हे, दवाखान्यातली क्षारसंजीवनीची पुडी द्यावी. ती नसेल तर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण मी कधीही विसरणार नाही, आणि ते मला कोणत्या दिवशी पाठ झाले तेच आता सांगावयाचे आहे.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके बांधलेले, घरोघर घागरी पुजावयाची तयारी. आदल्या दिवशी बसथांब्यावर गर्दी होणार म्हणून मंडळाने पन्ह्याचे टेबल मांडावयाचे ठरविले, दहा रुपयांना पेला. खर्चाचे एक हजार रुपये मंडळाच्या पेटीतून माझ्या हाती दिले. आठ किलो कैरी ३२० रुपये, चार किलो गूळ २४०, जिरे-मीठ-पुदिना-मिरची १३०, बर्फ ११०, कागदी पेले २००. हजार बरोबर. आठ किलो कैरीचे १६० पेले होतात, म्हणजे १६०० रुपये यावेत आणि ६०० मंडळाला उरावेत. त्या ६०० रुपयांतून आपण शिवणयंत्राची दुरुस्ती करणार होतो.

एवढे पन्हे ठेवावयाचे कशात? माझ्या सासूबाईंचे एक मोठे पितळी पातेले आहे. त्यांच्या लग्नातले. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली, पण लग्नकार्य असले की ते पातेले माळ्यावरून खाली येतेच. मी ते चिंचेने घासले, सोन्यासारखे झाले. माझ्या थोरल्या जाऊबाई अंगणात मिरची वाटत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "याची कल्हई गेली आहे. आंबट यात ठेवू नको, कळकेल." मी म्हटले, "एका रात्रीने काय होते?" खरे म्हणजे मला ते पातेले टेबलावर मिरवावयाचे होते. स्टीलचे पिंप होते घरात. ते मी घेतले नाही.

शिवाय मी मिरचीचा हिशेबही गणिताने केला. अर्ध्या किलोला दोन, तर आठ किलोला बत्तीस. शिरा काढावयाला वेळ नव्हता. जाऊबाईंनी मी सांगितल्या तेवढ्या बत्तीस वाटून दिल्या आणि मी त्या रात्रीच पन्ह्यात घातल्या. रात्रभर मुरल्या. मिरचीला पाढा लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

सकाळी दहाला टेबल मांडले. अडतीस पेले गेले. त्यावेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती आधी सांगते. अडतीसांत बायका किती होत्या? मोजून पाच. बाकी बायका येत, पोराला पेला घेत, नवऱ्याला नेऊन देत, आणि पोराने उरवलेला शेवटचा घोट पिऊन पेला टाकीत. दहा रुपये स्वतःच्या घशासाठी मोडावे असे एकीलाही वाटले नाही. मला पथारीवरचे दिवस आठवले. तिथे आम्ही दिवसभर मिरचीच्या धुळीत बसत असू, डोळे-नाक वाहत असे, आणि पाण्याचा माठ जवळ असूनही कोणी पाणी पीत नसे. कारण जाण्यासाठी आडोसा नव्हता. सकाळी निघताना प्यायचे ते संध्याकाळी घरी येऊन. एकीला मूतखडा झाला, माझी स्वतःची लघवीची जळजळ दोन वर्षे गेली नाही. हे विषय अशा ठिकाणी बोलू नयेत असे काहींना वाटेल, पण आज इथे पुरुषमाणूस कोणी नाही. माझ्या सासूबाई अडाणी होत्या, तरी मी शेतातून आले की पन्ह्याचा पेला माझ्या हातात देऊन म्हणत, "पहिले तू पे, मंग त्यास्ले दे." त्यांना कोणी असे म्हटले होते की नाही, मला माहीत नाही.

तर अडतीसाव्या पेल्याच्या सुमारास पोरे रडू लागली. एकाचे तोंड भाजले, दुसऱ्याचे ओठ सुजल्यासारखे झाले. पाणी पाजून उपयोग होईना, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो दुधा-तुपात विरघळतो. जाऊबाईंनी धावत जाऊन दूध आणले, तेव्हा पोरे थांबली. पण थोड्या वेळाने दोन मुलांना मळमळून ओकाऱ्या सुरू झाल्या. त्यातला एक जाऊबाईंचाच नातू, सहा वर्षांचा. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट पाहिले, आणि मला विचारले, "पन्हे कशात ठेवले होते?"

मी सांगितले. ते म्हणाले, आंबट आणि खारट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत रात्रभर राहिला की पितळेतले तांबे त्यात उतरते, आणि ते पोटात गेले की उलट्या होतात. त्यांनी क्षारसंजीवनी दिली, तिचे घरचे प्रमाण मला दोनदा म्हणवून घेतले, आणि संध्याकाळपर्यंत मुले खेळू लागली. परत येताना मला एकच सारखे मनात येत होते. चिंचेने पितळ लखलखते ते कशाने? वरचा थर निघतो म्हणूनच ना. भांडे घासताना तो थर मोरीत जातो. मी तो पेल्यांत भरून विकला.

आम्ही अडतीस पेल्यांचे पैसे परत केले. उरलेले पन्हे खड्ड्यात ओतले. हजार रुपये गेले, आणि आखाजीच्या दिवशी गावभर एकच बोलणे, मिरची फार झाली. आणि मिरची कोणी वाटली? थोरलीने. जिच्या नातवाला त्रास झाला, तिलाच बायका विचारीत होत्या की एवढी मिरची घातलीस तरी कशाला. विहिरीवर विचारले, दळणाला गेली तिथे विचारले. पातेल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांना, मला आणि तिला. आणि तिने तोंड उघडले नाही. मीही उघडले नाही. मला वाटले, लोक दोन दिवसांत विसरतील. ते विसरले नाहीत, कारण पुढे तिला मंडळाच्या एकाही कामाला कोणी स्वयंपाकाला बोलावले नाही, मला मात्र बोलावले. मी जात राहिले.

तेव्हा भगिनींनो, हिशेब असा आहे. मिरच्या बत्तीस घालावयाला मी सांगितल्या. पातेले माझे, हट्टही माझा, आणि जाऊबाईंनी आधी बजावले होते. मुलांना ओकाऱ्या झाल्या त्या पितळेने. ही गोष्ट मी त्याच दिवशी सांगावयास पाहिजे होती. जाऊबाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना मी घरी बोलले आहे, पण तेवढ्याने भागत नाही, कारण नाव गावात गेले होते. म्हणून गावात सांगितले.

हजार रुपये मी मंडळाच्या पेटीत भरले आहेत, पावती कोषाध्यक्षताईंकडे आहे. शिवणयंत्राचे ६०० राहिले, ते मी देऊ शकत नाही, परंतु यंत्र मी माझ्या भाच्याकडून दुरुस्त करून आणले, फक्त पट्टा नवीन घालावा लागला.

पातेल्याला कल्हई लावून घेतली. कल्हईवाला आता गावात येत नाही, नंदुरबारला शोधत जावे लागले. त्याने पातेले तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवले, आणि पाच मिनिटांत आतून चांदीसारखे केले. मी उभी राहून पाहत होते. त्याने मला विचारले, बाई, आता रोज वापरणार का? मी म्हटले, भातासाठी. त्यात आंबट ठेवण्याचा धीर मला अजून होत नाही.

आजचे पन्हे मागच्या पडवीत स्टीलच्या पिंपात आहे. ते जाऊबाईंनी केले आहे, मी फक्त कैऱ्या भाजल्या. मिरचीचे वाटण वेगळ्या वाटीत आहे, चमचा लहान आहे तो मुद्दाम. पेले चाळीसच आहेत आणि आपण साठ जणी, तेव्हा ज्यांचे पिऊन होईल त्यांनी पेला बादलीत विसळून पुढच्या बाईला द्यावा. मुलांसाठी बिनमिरचीचे बाजूला काढले आहे. ते नंतर. आधी तुम्ही प्या.